कोच ब्रॅनमच्या निरोपाआधी

पाइन फोर्क, केंटकी
१५ ऑक्टोबर

आदरणीय कोच कार्ल ब्रॅनमसाहेब, क्रॉली स्टेट कॉलेज, यांस,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असाल. बावीस वर्षं तुमच्या नावानं जेवढी पत्रं खेळाडूंच्या आयांना गेली, ती सगळी याच अक्षरात गेली. खालची तुमची सहीसुद्धा मीच करायचो. तेव्हा आपलंच पत्र आपल्याला आलं की काय, असं वाटलं असेल. तसं काही नाही. मी आहे, व्हर्लिन टॅकेट, तुमचा माजी सहायक प्रशिक्षक.

झालं, हे साहेब-बिहेब पुरे. कॉलेजात आपण एका खोलीत राहिलो, एका संघात बास्केटबॉल खेळलो, तुझे घामट मोजे मी धुतलेत. तुला अहोजाहो करणं माझ्या जिभेला झेपत नाही.

पेपरात तुझा पानभर फोटो पाहिला. कोच ब्रॅनम निवृत्त होणार. दोन मार्चला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, मग समारंभ, छताला तुझ्या नावाचं निशाण, बँड, भाषणं. आणि पुढच्या वर्षीपासून तुझ्या खुर्चीत तुझा जावई ग्रेडी. आमच्या घरधनिणीनं, ओपलनं, माझ्यापुढे ओव्हनमधली गरम, मऊ बिस्किटं आणि ग्रेव्ही ठेवली होती, ती तशीच गार झाली. म्हणाली, "खायचं तर बिस्किटं खा, व्हर्लिन. दात-ओठ नको खाऊस."

ती खुर्ची कुणाला कबूल केली होतीस, कार्ल? सहा वर्षांपूर्वी ऑफिसचं दार लावून काय म्हणाला होतास? "एवढं अंगावर घे, व्हर्लिन. दोन वर्षांत सगळं शांत होईल, तुला परत आणतो. आणि मी गेलो की खुर्ची तुझी." मी घेतलं अंगावर. चौकशी समितीपुढे तू हात झटकलेस. "मला कल्पनाच नव्हती, माझ्या सहायकानं परस्पर केलं."

काय केलं होतं मी? टेरेल व्हिटफील्डची आई दोनशे मैलांवर मरणाला टेकली होती, मी त्याला माझ्या गाडीत घालून घेऊन गेलो. वाटेत पेट्रोल पंपावर कुणीतरी फोटो काढला आणि तो समितीकडे पोचला. प्रशिक्षकानं खेळाडूला लेखी परवानगीशिवाय काही द्यायचं नाही, हा नियम. अहवालात माझे गुन्हे लिहिलेत: गाडी, हॉटेलची एक रात्र, आणि अंत्यविधीसाठी एक काळा सूट. तीन वर्षं कुठल्याही कॉलेजनं मला ठेवून घ्यायचं नाही, अशी बंदी. ती संपल्यावर आणखी दोन वर्षं कुणी दारात उभं केलं नाही. पाच वर्षं शाळेची बस चालवली मी, कार्ल. पोरं मागून विचारायची, "तो फसवाफसवीवाला कोच तुम्हीच ना?"

आता ऑगस्टपासून इथं पाइन फोर्कच्या छोट्या कॉलेजात सहायक आहे. सामन्याआधी पोरांचे घोटे पट्टीनं बांधतो, व्हॅन चालवतो, जर्सी धुतो, समोरच्या संघाचे व्हिडिओ बघून टिपणं काढतो. मुख्य प्रशिक्षक बेन ऑस्टरमन एकतीस वर्षांचा आहे. मला मिस्टर टॅकेट म्हणतो. माझी एखादी युक्ती चालली की पोरांना सांगतो, ही मिस्टर टॅकेटची. पहिल्यांदा तसं म्हणाला तेव्हा मला कुठं बघावं कळेना.

नऊ डिसेंबरला आम्ही तुझ्याकडे येतोय. दरवर्षी तुम्ही एखादा लिंबूटिंबू संघ हरवायला बोलावता, यंदा आम्ही. पण तुझे इशारे अजून तेच आहेत ना? कानाची पाळी ओढली की एक चाल, पट्ट्याला हात लावला की दुसरी, डोकं खाजवलं की तिसरी. एकूण एकेचाळीस. ओपलच्या टेबलावर मिठाची बाटली, मिरपुडीची बाटली आणि तीन काटे मांडून मी बसवलेत ते. तू हात वर करायच्या आत आमची पोरं जागेवर उभी असतील.

मागणं एकच. दोन मार्चला तुझ्या हातात मायक्रोफोन असेल. त्यावर सांग, व्हर्लिनला गाडी घेऊन जा असं मी सांगितलं होतं. एवढंच वाक्य. माझं नाव मला परत हवंय. नाही दिलंस तर तुझ्याच मैदानावर, तुझ्याच माणसांसमोर तुझा शेवटचा हंगाम नासवीन.

तुझा (कसला डोंबलाचा तुझा),
व्हर्लिन

२१ नोव्हेंबर

कार्ल,

तुझं उत्तर नाही. जावयाचा फोन मात्र आला.

"कोच टॅकेट, कसे आहात?"

"बस चालवणं सुटलंय. बाकी बरा आहे."

"कोच म्हणत होते, झालं गेलं विसरून जावं. या वयात मनस्ताप कशाला?"

"कुणाच्या वयात? माझ्या की त्याच्या?"

"दोघांच्या."

"ग्रेडी, राजा, तू दुसरीत पाढे म्हणत होतास तेव्हापासून मी तुझ्या सासऱ्याचा कोट धरत आलोय. माझा मनस्ताप तू नको काढूस."

कोटाचं त्याला माहीत आहे का रे? का तेही शिकवलं नाहीस? प्रशिक्षकानं आखलेल्या रेषेच्या आत उभं राहायचं, आणि तुला संताप आला की रेषा दिसत नाही. बावीस वर्षं मी तुझ्या मागच्या खुर्चीवर बसून तुझ्या कोटाचं टोक मुठीत धरलं. तू "सोड, गाढवा!" म्हणून ओरडायचास, कोपर मारायचास, एकदा माझा दात हलला. मी सोडलं नाही. पंचांना वाटायचं, ब्रॅनम तापट आहे पण मर्यादेत राहतो. ती मर्यादा माझ्या मुठीत होती. ओपलनं तुझे किती कोट शिवून दिलेत ते तिलाच विचार.

पुढे ग्रेडी हळूच म्हणतो, "ते इशाऱ्यांचं खरं नाही ना? इतक्या वर्षांनी कुणाला आठवतंय!"

"चर्चमधली प्रार्थना विसरेन, पण ते नाही विसरणार. आमची पोरं सरावाआधी रोज म्हणून दाखवतात. कान, पट्टा, डोकं, कोपर. अगदी चालीत म्हणतात."

तेवढ्यात मागून तुझा खोकला ऐकू आला. तो खोकला मी हजारांत ओळखीन. म्हणजे शेजारी बसून ऐकत होतास. बरं झालं, निरोप पोचवायचा त्रास वाचला.

जाता जाता ग्रेडीनं तुझा आणखी एक निरोप दिला. टेरेलला यात ओढू नका म्हणे. मी कशाला ओढू? मी गाडीबद्दल बोलतोय. तेवढ्यापुरतंच बोलतोय. त्या दिवशीचं बाकी काही मी काढलेलं नाही, काढणारही नाही. तू गाडीचं बोल, मी गप्प बसतो.

ओपल म्हणते, मी हल्ली झोपेत हातवारे करतो. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे पहिल्यांदाच वेगळी खोली मागितली.

व्हर्लिन

१० डिसेंबर

कार्ल,

एकाहत्तर-सदुसष्ट. अंकांत पण लिहितो, ७१-६७. आमच्या पोरांनी व्हॅनच्या काचेवर बोटानं लिहिलंय, मी पुसलेलं नाही.

आता नीट बसून वाच. आमच्या एकाही पोराला तुझा एकही इशारा माहीत नाही. मी शिकवलेच नाहीत. बेननं विचारलं होतं, "मिस्टर टॅकेट, त्यांचे इशारे तुम्हाला ठाऊकच असतील. पोरांना सांगायचे का?" मी म्हणालो, "नको. आपल्या पोरांची डोकी कशाला भरायची? त्यांची भरतायत तेवढं पुरे."

मला तुझ्याकडून एवढंच हवं होतं, की तू ते बदलावेस. आणि तू बदललेस! एकेचाळीसच्या एकेचाळीस! दोन पत्रांत! अरे, इशारा पोराच्या अंगात मुरायला दीड वर्ष लागतं. हे तुला कसं माहीत असणार? तू कधी मुरवलाच नाहीस. तू मागं हात बांधून उभा राहायचास आणि मी पोरांकडून शंभर वेळा, दोनशे वेळा करून घ्यायचो. तुला वाटलं, ग्रेडीनं कॉम्प्युटरवर नवा तक्ता काढला आणि पोरांना वाटला की झालं काम.

तू कानाला हात लावलास. दोघं डावीकडे पळाले, दोघं उजवीकडे, आणि तुझा तो उंच पोरगा मध्ये उभा राहून आधी तुझ्याकडे, मग ग्रेडीकडे, मग वर घड्याळाकडे बघत बसला. चेंडू थेट तिसऱ्या रांगेतल्या बाईच्या पॉपकॉर्नात. पहिल्या वीस मिनिटांत चौदा वेळा तुम्ही चेंडू आमच्या हातात आणून दिलात. माझ्या शेजारी बेन तोंडावर टॉवेल धरून बसला होता. मला वाटलं रडतोय, तर हसत होता.

शेवटची सहा मिनिटं उरली होती आणि तुम्ही एका पॉइंटनं पुढे होतात. पंचानं तुमच्याविरुद्ध शिट्टी मारली, तुझी मान लाल झाली, आणि तू निघालास. तेव्हा मी तुझ्याकडे बघतच नव्हतो, ग्रेडीकडे बघत होतो. त्याचा हात तुझ्या कोटापर्यंत गेला आणि परत मांडीवर आला. सासऱ्याला घाबरतो बिचारा. तू रेषा ओलांडून थेट पंचाच्या नाकासमोर. टेक्निकल फाउल, दंडाचे दोन फ्री थ्रो आम्हाला, वर चेंडूही आमचा. तिथून तुम्ही सावरलाच नाहीत. नऊ हजार माणसं गप्प झाली. मी त्याच मैदानावर बावीस वर्षं काढली, पण इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. फार बरं वाटलं, कार्ल. खोटं कशाला बोलू?

हस्तांदोलनाच्या रांगेत तू माझ्या हाताला हात नुसता टेकवलास. "झालं समाधान?"

"मार्च बाकी आहे," मी म्हणालो.

इथवर लिहून थांबायला हवं. पण आज सकाळी चर्चहून आलो तर टेरेलचा फोन. सहा वर्षांत तिसऱ्यांदा. आता टेनेसीत एका शाळेत गणित शिकवतो आणि तिथल्या पोरांचा कोच आहे. सामना बघितला होता त्यानं. हसून हसून बेजार झाला होता. मग एकदम गंभीर झाला.

"कोच, एक सांगू? माझ्या पोरांना मी तुमची गोष्ट सांगतो. म्हणतो, एक माणूस होता, त्यानं स्वतःच्या नोकरीवर पाणी सोडून मला माझ्या आईकडे पोचवलं. असं वागा म्हणतो."

मी म्हणालो, ओपल जेवायला बोलावतेय. जेवण झालेलं होतं. फोन ठेवला आणि बराच वेळ सिंकपाशी नळ सोडून उभा राहिलो.

व्हर्लिन

२८ जानेवारी

कार्ल,

तुझं पत्र मिळालं. चाळीस वर्षांच्या ओळखीत तुझं अक्षर मी नीट असं पहिल्यांदाच पाहिलं. शाळकरी पोरासारखं आहे.

लिहितोस: "तू जिंकलास. गाडीचं मी मायक्रोफोनवर सांगेन. हॉटेल आणि सूटही माझ्या सांगण्यावरून, असं सांगेन. टेरेल मुख्य पाहुणा म्हणून येतोय, त्याच्यासमोर सांगेन. फोनचं मात्र तुझ्यामाझ्यात राहू दे. त्यात तुझाही हात आहे."

सगळं मिळालं. मागितलं त्याहून जास्तच. एक हॉटेल आणि एक सूट वर. मी आनंदानं ओपलला वाचून दाखवायला लागलो, आणि त्याच ओघात शेवटची दोन वाक्यंही वाचून गेलो. तिनं कॉर्नब्रेडचा तुकडा खाली ठेवला.

"कसला फोन, व्हर्लिन?"

सहा वर्षांत मी तिलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. आता तुलाही लिहितो, कारण तू मनातल्या मनात त्याची वेगळीच मांडणी करून ठेवली असशील.

शनिवार होता. दुपारी एकला घरच्या मैदानावर सामना. अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या ऑफिसातला फोन वाजला. टेरेलची मावशी होती. "कोच, पोराला पाठवा. ताई सारखं त्याचं नाव घेतेय. डॉक्टर म्हणतात, संध्याकाळ निघणं कठीण." मी धावत बाहेर आलो, तू कॉरिडॉरमध्ये कॉफी घेऊन उभा. मी सांगितलं. तू घड्याळाकडे पाहिलंस.

"एकला सामना आहे. तीनला संपेल. मग तुझ्या गाडीनं घेऊन जा. आत्ता सांगितलंस तर पोरगं हातचं गेलं आणि हंगामही गेला."

मी म्हणालो, "होय, कोच."

मी 'कार्ल' म्हणायला हवं होतं. कार्ल, तुझं डोकं फिरलंय का, असं म्हणायला हवं होतं. टेरेलला संघात घेताना त्याच्या आईला मीच पत्र लिहिलं होतं, तुझ्या नावानं, माझ्या अक्षरात. 'आई म्हणून तुम्हाला कधी गरज पडली तर तो तुमच्याजवळ असेल, ही माझी जबाबदारी.' ते वाचून तिनं मुलगा आपल्या हाती सोपवला होता. आणि मी होय कोच म्हणून आत गेलो आणि टेरेलचा घोटा बांधला. तो म्हणाला, "कोच, आज फारच आवळताय." मी मान वर केली नाही. त्या दुपारी त्यानं छत्तीस पॉइंट मारले. तीन वाजता आपण दोघं त्याच्यासमोर उभे होतो, आणि "आत्ताच फोन आला," हे मी म्हणालो. तू नाही, मी. तुझ्यावर ढकलता आलं असतं तर केव्हाच ढकललं असतं.

त्याची आई पाच दहाला गेली. आम्ही सहा पंचवीसला पोचलो.

लेखी परवानगी आपण का घेतली नाही, आठवतं ना? एका फोनवर मिळाली असती. पण त्या अर्जात एक रकाना असतो: निरोप कधी मिळाला, दिवस आणि वेळ. तो भरायचा नव्हता म्हणून अर्जच केला नाही. आणि अर्ज केला नाही म्हणून गाडी गुन्हा ठरली. त्या दिवशी आपण जी एक गोष्ट धड केली तिची मला शिक्षा झाली, आणि जे केलं त्याला नियमांच्या पुस्तकात कलमच नाही.

लोकांना वाटलं, मी तुझ्यावरच्या निष्ठेपोटी गप्प बसलो. ओपललाही तसंच वाटत होतं, तिला त्याचा अभिमान होता. मी त्या रकान्याला घाबरून गप्प बसलो होतो. खुर्चीचं आमिष होतंच, ते नाकारत नाही.

सगळं ऐकून ओपल एवढंच म्हणाली, "तो पोरगा आपल्याकडे थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला येत होता, व्हर्लिन." मग ताटं उचलायला लागली.

तू देऊ केलेलं मी घेतलंय असं समजू नकोस. घेतलं नाही असंही अजून समजू नकोस.

व्हर्लिन

२७ फेब्रुवारी

कार्ल,

गेल्या शुक्रवारी टेनेसीला जाऊन आलो. दोनशे तीस मैल. जाताना वाटभर मी तुझा चेहरा डोळ्यांसमोर आणत होतो. समारंभ, बँड, तुझा नवा सूट, आणि टेरेल तुझ्याकडे बघतोय. त्यात मला फार सुख होतं, हे लपवत नाही. मी त्या पोराकडे चांगुलपणानं गेलो असं तुला कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. निदान जाताना तरी तसं नव्हतं.

शाळेच्या जिममध्ये पोरांचा सराव घेत होता. मला बघून धावत आला, मिठी मारली, पोरांना ओरडून म्हणाला, "अरे, हेच ते कोच टॅकेट!" पोरं रांगेनं हात मिळवायला आली. बारा-तेरा पोरं. मला सगळ्यांचे हात घ्यावे लागले.

मग बाजूला नेऊन मी सांगितलं. तुझं वाक्य तुझं म्हणून, माझं माझं म्हणून. कशालाही साखर लावली नाही.

तो म्हणाला, "किती वाजता?"

"अकरा दहा."

गणिताचा मास्तर तो. उभ्या उभ्या त्यानं हिशेब केला. "सव्वाअकराला निघालो असतो तर दोन पस्तीसला पोचलो असतो. ती पाच दहाला गेली." मग म्हणाला, "दोन तास पस्तीस मिनिटं, कोच."

"हो."

"शुद्धीवर होती?"

"मावशी म्हणाली, तुझं नाव घेतेय."

"मावशीनं एकदा म्हटलं होतं मला, मी सकाळीच फोन केला होता म्हणून. मी तिला सांगितलं, तुझा काहीतरी घोटाळा होतोय, माझे कोच असं करणार नाहीत. त्यानंतर ती माझ्याशी धड बोललेली नाही." त्यानं शिट्टीची दोरी मनगटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. "ते छत्तीस पॉइंट मी आईसाठी मारले असं मी सगळ्यांना सांगतो. माझ्या बायकोलाही तेच सांगितलंय."

मी काहीतरी बोलायला लागलो. त्यानं हात वर केला. "मला तीनपर्यंत तास आहेत. तोवर बसा इथं." आणि गेला. मी लाकडी बाकावर दोन तास बसलो. जावंसं वाटत होतं, पण गेलो नाही. तीन वाजता आला, तेव्हा तोंड धुऊन आला होता. मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. शेजारी बसलाही नाही, उभ्यानंच बोलला.

"शनिवारी मी येणार आहे. भाषण लिहिलं होतं, ते फाडलं. तुम्हीही या. माझ्या बाजूला नको, कोच ब्रॅनमच्या बाजूला उभे राहा. मी मायक्रोफोनवर एकच गोष्ट विचारणार आहे. फोन किती वाजता आला होता. आधी त्यांना विचारीन. ते बोलले नाहीत तर तुम्हाला."

"मी सांगेन," मी म्हणालो.

"ते तुमचं तुम्ही बघा, मिस्टर टॅकेट."

'कोच' म्हणाला नाही. येताना गाडीत तुझा चेहरा काही डोळ्यांसमोर आला नाही.

बेनला मी काल सगळं सांगितलं. तो बराच वेळ चेंडूवरची शिवण बोटानं चाचपत बसला. "हंगाम संपू द्या, मग बोलू," म्हणाला. बस चालवायचं लायसन्स माझ्याकडे अजून आहे. ओपल समारंभाला येणार आहे. माझ्या शेजारी बसणार की मागे कुठं, ते तिनं सांगितलेलं नाही.

गाडीचं तू सांग किंवा नको सांगूस, मला त्यात रस उरला नाही. आता प्रश्न एवढाच आहे की ती वेळ आधी कुणाच्या तोंडून निघते, तुझ्या की माझ्या. तू विचारशील, मग हे आधी कळवतोस कशाला? मी तुला अचानक गाठलं असतं तर जास्त मजा आली असती. विचार मीही केला तो. पण चार दिवस हे पोटात घेऊन तू जेवावंस, झोपावंस, शुभेच्छांचे फोन घ्यावेस, असं मला वाटलं. मी सहा वर्षं तसंच केलंय.

ओपल म्हणते, तू शनिवारी आजारी पडशील, छातीत दुखतंय म्हणशील, दवाखान्यात जाऊन झोपशील. तुला ती माझ्याइतकीच ओळखते. तसं करू नकोस, कार्ल. तो पोरगा साडेतीन तास गाडी चालवून येतोय. या वेळी तरी तो पोचेपर्यंत थांब.

व्हर्लिन